सॉरीचं मूळ

पुरे! दारात एकदा, चपला काढताना एकदा, आणि आता आईचा रिकामा पलंग बघून परत — सॉरी ताई, सॉरी ताई! बस तिथे खुर्चीवर. पलंगावर नको. अरे, मी शाळेत इंग्रजी शिकवते, माझ्यापुढे हा शब्द असा शिंक आल्यासारखा काढू नकोस. कुठून आलाय माहितीये? मुलांना वाटतं, सॉरी आणि सॉरो — दुःख — ही सख्खी भावंडं. अजिबात नाहीत! नुसती दिसायला सारखी. सॉरीचं रक्ताचं नातं सोअरशी — दुखरी जागा, जखम. जुन्या इंग्रजीत सॉरी म्हणजे वेदनेनं भरलेला. तुला कुठे दुखतंय? दाखव ना. — आईला दुखत होतं. माकडहाडापाशी. डॉक्टर म्हणाले, बेडसोअर. म्हटलं घ्या, शब्द आला घरी राहायला! मग काय — अंगाखालची चादर ओढून तिला कुशीवर वळवायचं, म्हणजे जखमेवरचा भार सुटतो. दोन माणसांचं काम आहे ते, दोन बाजूंनी दोघं. मी एकटी — इकडून ओढायचं, पलंगाला वळसा घालून तिकडून ओढायचं. आणि तू फोनवर — सॉरी, रजा मिळत नाही. सॉरी, पुढच्या महिन्यात नक्की. अरे, चादरीची एक बाजू धरायला ये म्हणत होते रे, दुसरं काय मागितलं होतं!

रडू नकोस. माझं डोकं फिरतं. शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं. चादर ओढली की विचारायची, "आलास का?" रोज! हात माझे, आणि विचारायची तुला — जाऊ दे. काय? मी काय म्हणायची? काय म्हणणार — वळसा घालून दुसरी बाजू ओढायची. शेवटच्या दिवशी मात्र आवाज जाड काढला आणि म्हटलं, "आलो आई. चुकलो." — झालं समाधान? तुझं सॉरी मी म्हणून टाकलंय, आता परत परत म्हणायची गरज नाही. आणि ती हसली रे. इतक्या महिन्यांत माझ्याकडे बघून एकदासुद्धा तशी —

ऊठ. तिचीच चादर आहे ही. ते टोक धर, घडी घालू. ताण — नीट ताण. आता इकडे आण.

बघ, दोघं असली की किती पटकन होतं. ठेव तिथे. आणि जा.