चमचाभर विरजण

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. जी गोष्ट आपण रचली नाही, नुसती पुढे पाठवली, तिचा दोष कुणाचा?

इंटरनेटला कुणी जाळं म्हणतं, कुणी महासागर. मला त्याची उपमा स्वयंपाकघरात सापडली: विरजण! कोमट दुधात चमचाभर दही घाला, झाकून ठेवा. आत एकाचे दोन, दोनाचे चार... बाहेरून काही दिसत नाही. सकाळी बघावं, तर सगळं भांडं घट्ट!

करंजवाडीची सुनंदा. वाईट होती? छे हो, तुमच्या-आमच्यासारखीच! दुपारी फोनवर फोटो आला. दह्याची बादली, शेजारी पांढऱ्या पावडरचं पोतं. गाव कुठलं? पत्ता नाही! तिनं तो गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आपल्याकडे दही कुठून येतं, बघा बाई!"

बस्स. चमचाभर!

दही यायचं द्वारकाकाकूंकडून. देवळातल्या काल्याची हंडी तीस वर्षं त्यांच्याच दह्यानं भरायची. संध्याकाळी तोच फोटो चार ग्रुपांतून फिरून सुनंदाकडे परत आला, आता काकूंच्या नावासकट! आणि गंमत बघा, सुनंदालाच ते खरं वाटलं! तिनं घरातलं दही मोरीत ओतलं. तिकडे देवळाचे आबा म्हणाले, "यंदा काल्याला पाकिटातलं दही आणा."

सकाळी सासऱ्यांना ताक हवं. सुनंदा वाटी घेऊन विरजण मागत निघाली. पहिलं घर, "ओतलं गं!" दुसरं घर, "आम्हीपण!" अहो, गावभर विरजण काकूंचंच! तीस वर्षं सगळे तेच खात होते, कुणाचं पोट तरी दुखलं होतं?

"पावडर पाहिली कुणी?" सुनंदानं विचारलं.

"आम्हाला काय विचारतेस? तूच तर पाठवलंस!"

सुनंदा रस्त्यातच थांबली. मेसेज पुसला आणि तशीच काकूंच्या दारात गेली. ओट्यावर काल्याची हंडी पालथी होती.

"काकू, ते मी पाठवलं होतं. आता पुसलंय."

"लागलेल्या दह्यातून विरजण वेचून दाखव बरं!" काकू म्हणाल्या. मग आत गेल्या, दह्याचं पातेलं घेऊन आल्या. "तुझं ते जिथं जिथं पोचलं, तिथं हे पोचव. पायांनी."

शेहेचाळीस घरं, मंडळी! प्रत्येक दारात एकच वाक्य: "मी न बघता पाठवलं. हे काकूंचं विरजण." बोटाला क्षण लागला होता, पायांना दोन दिवस लागले. दोन दारं तर उघडलीच नाहीत. आजही त्या घरांत पाकिटातलं दही येतं.

शेवटचं घर आबांचं. त्यांनी बोटभर दही चाखलं, मान खाली घातली. "काकूंना म्हणावं, हंडी सुलटी करा."

करंजवाडीत काला झाला. इथं कीर्तन संपलं की तुम्ही प्रसाद घ्याल आणि खिशातला फोन बाहेर काढाल. काढा! पण काही पुढे पाठवण्याआधी डोळे मिटा. ज्याच्याबद्दल ते आहे, त्याच्या दारात उद्या रिकामी वाटी घेऊन उभं राहता येईल? येत असेल, तर खुशाल पाठवा. नाहीतर हात जोडा आणि माझ्याबरोबर म्हणा: विठ्ठल, विठ्ठल!