थेंबफेरी

नात : नाही म्हणजे नाही. आज मी एकाही मजल्यावर जाणार नाही. ही घ्या वाटी, ठेवून द्या स्वयंपाकघरात.

आजोबा : ठेवतो. पण आज रविवार. लोक वाट बघत असतील तुझी.

नात : बघत असतील ना, चिडवायला! पहिल्या मजल्यावरचे मिशीवाले काका काल सगळ्यांसमोर म्हणाले, "काय पाणीवाल्या बाई, तुमच्या फेऱ्यांनी पाण्याचं बिल वाढलं की हो!" सगळे खो खो हसले.

आजोबा : मग तू काय म्हणालीस?

नात : काय म्हणणार? खरंच वाढलंय. आजोबा, वर्षभर मी दर रविवारी घरोघरी नळाखाली वाटी धरते. थेंब पडला की त्यांच्या मागे लागते, दुरुस्त करा, दुरुस्त करा. आईला भाज्या धुतलेलं पाणी झाडांना घालायला लावलं. बाबांचा शॉवर बंद केला, तर ते अजून कुरकुरतात. आणि बिल काय, वर! मी जिन्यातला माझा तक्तासुद्धा काढून फाडला.

आजोबा : कुठला? 'पाणी वाचवा, बिल घटवा'?

नात : तोच. खोटारडा.

आजोबा : सगळाच नव्हता गं. ये, बस इथे. रडून झालं की बाकी आहे?

नात : थोडं बाकी आहे. तुम्ही बोला.

आजोबा : तुमच्या शाळेच्या गाडीचे पैसे मध्यंतरी का वाढले?

नात : ती जुळी भावंडं दुसरीकडे राहायला गेली म्हणून.

आजोबा : म्हणजे मुलं कमी झाली, गाडी हलकी झाली. पैसे कमी नको का व्हायला?

नात : कसे होतील? गाडी तीच, रस्ता तोच. गाडीवाल्या काकांच्या घरी काय कमी जेवतात? जुळ्यांचा वाटा आमच्यावरच... थांबा. थांबा हं जरा.

आजोबा : थांबलोय. मला कुठे जायचंय?

नात : पाण्याचंही तसंच? पंप तेच, नळवाहिन्या त्याच, त्या दुरुस्त करणारी माणसं तीच. आपण पाणी कमी घेतलं तरी त्यांचा खर्च तेवढाच. म्हणून त्यांनी दर वाढवला!

आजोबा : बरंचसं तसंच. त्यातून आता जुन्या नळवाहिन्या बदलतायत, त्याचा खर्च वेगळा.

नात : मग वाचवायचं कशाला? उगीच बादलीने आंघोळ करत बसलो आपण!

आजोबा : हे मी सांगितलं तर तुला पटायचं नाही. गेल्या उन्हाळ्यात जिन्यात रोज तुला कोण भेटायचं?

नात : शिवणकाकू. भरलेली बादली घेऊन. चौथ्या मजल्यावर त्यांच्या नळाला पाणीच चढत नव्हतं ना... दार वाजतंय.

आजोबा : उघड बघू.

शिवणकाकू : काय गं, फेरी विसरलीस? मी मशीन थांबवून बसलेय कधीची.

नात : काकू, तुम्हीपण बोला मला. तुमचंही बिल वाढलं ना?

शिवणकाकू : वाढलं तर! चांगलाच चटका बसला. मी एकटी, पाणी लागतं चिमणीएवढं.

नात : मग रागावला नाहीत?

शिवणकाकू : रागावले की. बिलावर! तुझ्यावर कशाला? अगं, खालचे सगळे नळ गळायचे तेव्हा वर थेंब चढत नव्हता. तू ते एकेक करून बंद करायला लावलेस आणि या उन्हाळ्यात माझ्याकडे धार आली. ती बादली आहे ना, तिच्यात आता शिवणाच्या चिंध्या ठेवते. माझे गुडघे रोज तुझं नाव घेतात.

नात : हे मला कुणी सांगितलंच नाही!

शिवणकाकू : मला वाटलं, तुला ठाऊक असेल. तूच केलंस ना! पण भाऊ, एक मला कळत नाही. बिलात तो स्थिर आकार लावतात, पाणी वापरा न वापरा. तो मलाही तेवढाच आणि तळमजल्यावर रोज पाइप लावून गाड्या धुणाऱ्यांनाही तेवढाच. असं कसं?

नात : आजोबा, हे बरोबर नाही.

आजोबा : मलाही नाही वाटत बरोबर. पुढच्या आठवड्यात पाणी खात्यात लोकांचं म्हणणं ऐकणार आहेत, या दराबद्दलच.

नात : माझं ऐकतील?

आजोबा : गाडीचं मला समजावलंस तसं समजावलंस, तर ऐकावं लागेल.

शिवणकाकू : मी येते सोबत. बादली घेऊनच येते!

नात : चिंध्यांसकट?

शिवणकाकू : चिंध्यांसकट.

आजोबा : आणि तो तक्ता कुठाय?

नात : कचऱ्याच्या डब्यात. हा बघा. मधोमध फाटलाय. इकडे 'पाणी वाचवा', तिकडे 'बिल घटवा'.

आजोबा : फाडायलाही जागा बरोबर शोधलीस की! पहिला तुकडा जिन्यात लावू.

नात : आणि दुसरा?

आजोबा : तो पाणी खात्यात न्यायचा. त्याची जागा तिथे आहे.

नात : द्या ती वाटी. काकू, तुमच्याकडे शेवटी येते. आधी पहिला मजला.

शिवणकाकू : मिशीवाल्यांकडे? मी येऊ का आत?

नात : नको. जिन्यात थांबा फक्त.

(खालच्या मजल्यावर दाराची घंटा वाजते.)

नात : काका, मी आलेय. आधी हसून घ्या, मग नळ दाखवा.