उठवणी

(निंबर्गा, १९५६. शाळेचं पटांगण. जगदेवप्पा मास्तर आणि नातवाचा हात घट्ट धरून उभी असलेली निलम्मा.)

जगदेवप्पा : पोराचा हात सोडा अव्वा. तालीम आहे.

निलम्मा : खड्ड्यात गेली तालीम! माझ्या नातवाला मेल्यावाणी निजवायलास अन् न उठवताच पडदा पाडायलास. कामून?

जगदेवप्पा : रात्रभराचं नाटक मुलांसाठी तासात बसवायचंय. गुलबर्ग्याहून साहेब येणार. राजपुत्र मरतो, राजा रडतो, संपलं.

निलम्मा : राजानं पडल्याल्या पोराला त्याच्या घरच्या नावानं हाक मारून उठवल्याबिगर खेळ संपत न्हाई. हाक येईस्तोवर पडल्याल्यानं हलायचं न्हाई. आपल्या गावचा रिवाज हाय.

जगदेवप्पा : असले खुळे रिवाज मी शाळेत शिकवणार नाही.

निलम्मा : मोठा आलाय शिकवणारा! रझाकार आले, त्या खेळात राजा कोण होता?

जगदेवप्पा : पोरासमोर कशाला ते...

निलम्मा : बोल की!

जगदेवप्पा : मी.

निलम्मा : अन् पायाशी पडलेला?

जगदेवप्पा : तुमचा लेक. अव्वा, गोळ्या सुटल्या. सगळेच पळाले.

निलम्मा : माझा न्हाई पळाला. तुझ्या हाकेची वाट बघत डोळे मिटून पडला येडा. तसाच मारला त्याला.

जगदेवप्पा : ठाऊक आहे मला! म्हणून तर काढला तो प्रवेश. आठ वर्षं झाली, ती हाक तोंडातून फुटत नाही माझ्या.

निलम्मा : तुला लाज वाटायलीय म्हणून माझा नातू मेलेला ऱ्हाईल व्हय?

जगदेवप्पा : मग घेऊन जा त्याला. दुसरा मुलगा बघतो मी.

निलम्मा : न्हाई नेत. जेवताना बी नाटकातलंच बोलायलाय लेकरू. राजा कुणाचं बी पोर होऊ दे, उठवणार तू. साहेबासमोर, गावासमोर.

जगदेवप्पा : सूड घेताय माझा.

निलम्मा : व्हय, घेतेय.

जगदेवप्पा : ...घरी काय म्हणता याला? हजेरीत मल्लिकार्जुन आहे.

निलम्मा : उंबऱ्याला पाय लावला असतास तर कळलं असतं. बापाच्या माघारी जन्मलाय. बापाचंच नाव.

जगदेवप्पा : ईरण्णा?

निलम्मा : मला काय सांगतोस? जा रे लेकरा, पड तिथं.

जगदेवप्पा : आत्ता नको अव्वा. उद्या बघू.

निलम्मा : तालीम हाय म्हणलास न्हवं? बघ, डोळे मिटून पडलंय.