विभूतीची अंघोळ

महानंदा : ...तसं न्हाई वैनी, मी डोळ्यांनी बघितलंय. टँकरचा भोंगा वाजला की गल्लीतल्या सगळ्या सुना घागरी घेऊन पळतात. आपल्या घरातून कोण पळालं? माझी म्हातारी आई, अव्वा. आन सून कुठं? उंबऱ्यात, भिंतीला टेकून.

शिवगंगा : भरलेल्या बादल्या आत सरकवत होते वन्सं. घागर उचलली की खांद्यापासून करंगळीपर्यंत आग होती, मग पुढं दोन दिवस पोळपाट सुद्धा जड लागतंय. म्हणून पाणी तुमचे भाऊच भरतात, दुकान उघडायच्या आधी. आज टँकर अवेळी आला, त्याला कोण काय करणार?

महानंदा : वीरण्णा पाणी भरतोय? उदगीरच्या बाजारात भांड्याचं दुकान असलेला माणूस, आन डोक्यावर घागर?

शिवगंगा : डोक्यावर न्हाई, सायकलला लावून. गिऱ्हाइकं म्हणतात, शेठ, दुकानातल्या घागरी बाहेर काढून तपासायलात का काय!

महानंदा : हसण्यावारी नेऊ नका. दिसायला तर तुम्ही धडधाकट. एक्स-रेत काही न्हाई, रक्तात काही न्हाई. मंग आजार हाय तरी कुठं?

शिवगंगा : तेच तर मी इतकी वर्षं विचारायले. उदगीर झालं, बिदर झालं, सोलापूर झालं. रिपोर्ट नार्मल आला की तुमचे भाऊ पेढे आणायचे, आन मी मोरीत जाऊन रडायची. नार्मल म्हणजे मी खोटी, असाच अर्थ व्हायचा ना त्याचा? कुणाला सांगावं दुखतंय, तर पहिला प्रश्न, कुठं? सगळीकडं म्हटलं की लोक गालात हसायचे.

महानंदा : मंग लातूरच्या डाक्टरीणबाईनं नवीन काय सांगितलं?

शिवगंगा : नाव सांगितलं. फायब्रोमायल्जिया. नाव ऐकलं आन मी तिथंच रडले, पण ते रडणं वेगळं होतं. बाई म्हणाल्या, तुम्ही खोटं बोलत न्हाई. हाडं शाबूत हाईत, सांध्याला सूज न्हाई, पण दुखण्याची बातमी मेंदूकडं जाताना लई वाढून जाती. दुसऱ्याला नुसता धक्का लागतोय, तेवढ्यानं मला ठणका लागतोय. रात्री झोपते, पण झोप अंगी लागत न्हाई. सकाळी अंग असं, जसं रात्रभर खुरपण केलंय.

महानंदा : बरं तरी होणार का?

शिवगंगा : जिवाला धोका न्हाई म्हणाल्या. पण मुळापासून जाईल असंही म्हणाल्या न्हाईत. जमवून घ्यायचं. रोज थोडं चालायचं. बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळं घर धुऊन काढायचं न्हाई, आन वाईट दिवस आला म्हणून अंथरूण धरायचं न्हाई. झोपताना एक गोळी. सकाळी अंग आखडलेलं असतंय, त्यावर ऊन पाणी.

महानंदा : आलात का आता पाण्यावर! तुम्हाला रोज बादलीभर ऊन पाणी, आन मी आल्यापासून बघायले, माझी अव्वा मोरीत जातच न्हाई. अंगाला विभूती फासती आन तशीच लिंगपूजेला बसती. अंघोळीशिवाय तोंडात घोट न घेणारी बाई ती!

शिवगंगा : त्यांचं व्रत हाय ते. पाऊस पडेपर्यंत विभूतीचीच अंघोळ. मठातल्या अय्यांनी दिलंय. मी किती म्हणाले, आत्या, माझ्यातलं अर्धं घ्या. तर म्हणतात, माझं व्रत मोडतीस का?

महानंदा : अय्यांनी दिलंय?

शिवगंगा : हाव.

महानंदा : मी आत्ता मठातूनच आले वैनी. अय्यांच्या पाया पडले आन विचारलं, म्हातारीला असलं कसलं व्रत दिलंत? ते म्हणाले, मी कुणाला कसलं व्रत दिलं न्हाई. तुझी आईच विचारायला आली होती, पाणी नसलं तर नुसत्या विभूतीनं पूजा चालती का. मी म्हणलं चालती. एवढंच.

शिवगंगा : मंग ते पाणी... त्यांच्या वाटणीचं?

महानंदा : मलाच विचारायलात?

शिवगंगा : लिंगाची आण वन्सं, मला ठाऊक न्हवतं. रोज सकाळी बंब पेटवून आत्याच हाक मारतात. ऊठ माय, पाणी तापलंय. मी म्हणायची, माझ्या वाटणीचं असंल.

महानंदा : ठाऊक असू दे, नसू दे. मी ठरवलंय. उद्याच्या गाडीनं अव्वाला मुखेडला नेते. आमच्या बोअरला अजून पाणी हाय. पोटभर न्हाऊ दे तिला.

शिवगंगा : नेऊ नका हो... न्हाई, न्या. न्यायलाच पाहिजे. माझ्यापायी त्यांनी बिनअंघोळीचं का ऱ्हावं? पण एक सांगते वन्सं, राग मानू नका. तुमचे भाऊ माझं सगळं करतात, तरी रोज विचारतात, आज नेमकं काय झालं? आत्या विचारत न्हाईत. माझी चप्पल कशी वाजती यावरून त्यांना कळतंय. त्या गेल्या की या घरात मला ओळखणारं कोण?

(शरणम्मा परसातून आत येते, ओंजळीत बेलाची पानं. शिवगंगा भिंतीला धरून उठू पाहते. शरणम्मा हातानंच तिला बसवते.)

शरणम्मा : कोण कुणाला नेतंय? मी काय बाजारातली शेळी हाय, दावं धरलं की चालले?

महानंदा : अव्वा, अय्यांनी मला सगळं सांगितलं.

शरणम्मा : अय्यांच्या पोटात तीळ भिजंल तर शपथ!

महानंदा : लिंग गळ्यात घालून खोटं बोललीस?

शरणम्मा : खोटं कुठं? पाऊस पडंस्तोवर इभूती लावीन म्हणलं, ते लावायलेच. अय्यांचं नाव फकस्त वजनाला घातलं. तुझ्यासाठी सोडलंय म्हणलं असतं, तर ही बया पाण्याला शिवली असती का? इचार तिलाच.

शिवगंगा : न्हाई शिवले असते.

शरणम्मा : बघ!

महानंदा : पण तूच तर फोनवर म्हणायचीस, सून कामचुकार हाय म्हणून.

शरणम्मा : म्हणायची की. गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची. मंग लातूरला वीरण्णाला जमंना, म्हणून मी गेले हिच्यासंगं. त्या बाईनं हिच्या मानंला, खांद्याला, कोपराला, गुडघ्याच्या आतल्या अंगाला नुसतं बोट टेकवून दाबलं. जिथं बोट, तिथं हिचा जीव वर. आन मला आठवलं, दर सोमवारी मी हिला तेल लावून रगडायची! अंग मोकळं हुईल म्हणून चांगला जोर करून. ही दात खाऊन गप. एष्टीत बसल्यावर इचारलं, बोलली कामून न्हाईस? तर काय म्हणली, सांग गं.

शिवगंगा : असू द्या आत्या.

शरणम्मा : म्हणली, बोलले असते तर तुमचा हात थांबला असता. तेवढाच एक मायेचा हात होता. आता बोल. नेतीस का मला मुखेडला?

महानंदा : पण अव्वा, काही झालेलंच न्हाई तर दुखतंय कसं? मला ते कळंना.

शरणम्मा : आपल्या खळ्यावरचं कुत्रं ध्यानात हाय का तुझ्या? एकदा लांडग्यानं धरलं त्याला. जखम भरली, पण त्यानंतर पान हाललं तरी रात्रभर भुंकायचं. बॅटरी घेऊन बघावं तर चोर न्हाई, चिलट न्हाई. पण भुंकणं खोटं होतं का? आपली झोपमोड तर खरीच व्हायची. हिच्या अंगात तसलं कुत्रं बसलंय. काठी घालून गप होत न्हाई. ऊन पाण्यानं जरा निजतंय.

महानंदा : कुत्र्याचं तू बरं सांगितलंस. पण तू बिनअंघोळीची पूजा करायचीस, ते माझ्या मनाला पटत न्हाई.

शरणम्मा : ही पानं बघ. गल्लीत एक झाड हिरवं ऱ्हायलं न्हाई, आन आपला बेल कसा पालवलाय! हिच्या अंघोळीचं पाणी मोरीतून सरळ त्याच्या बुडाला जातंय. त्याचीच पानं मी वाहते. एका बादलीत तिचं दुखणं, बेल आन माझी पूजा, तिन्ही भागलं. शंकरानं अजून तक्रार केली न्हाई, तूच करायलीस.

शिवगंगा : आत्या, मला बोलू द्या. औषधं लई जणांनी दिली. नाव त्या डाक्टरीणबाईंनी दिलं, त्यांचंही भलं होऊ दे. पण घरात माझं खरं मानलं ते तुम्ही. माझी आई असती तरी तिनं यापेक्षा काय केलं असतं? तुमचे उपकार...

शरणम्मा : उपकार परक्याचे मानावेत. गप.

शिवगंगा : मानणार. आन उद्यापासून पहिले दोन तांबे तुमच्या अंगावर, मंग उरलेलं माझं. न्हाई म्हणालात तर मी पण विभूतीच लावणार. माझ्याही गळ्यात लिंग हाय.

शरणम्मा : बघ महानंदा, जरा ऊन पाणी मिळालं तर सून सासूला दम द्यायली!

महानंदा : दोन तांबे कशाला? आमच्या यांची ड्युटी मुखेड-उदगीर एष्टीवरच हाय. मागच्या सीटखाली दोन क्यान टाकून देत जाते. स्टँडवरून वीरण्णा आणंल सायकलला लावून. सवय तर झालीच हाय त्याला.

शिवगंगा : वन्सं!

महानंदा : लातूरला रेल्वेनं पाणी येतंय म्हणून अख्ख्या देशाला ठाऊक झालं. तुम्हाला एष्टीनं आलं तर काय बिघडलं?

शरणम्मा : काही बिघडलं न्हाई. रेल्वेनं यायचं तर जिल्हा लागतोय. चौकात रोज भाषणं चाललीत, उदगीर जिल्हा होणार, उदगीर जिल्हा होणार. एष्टीनं पाणी आलं म्हणजे आपला निम्मा जिल्हा झालाच की!

महानंदा : तू न्हाई सुधारायचीस. वैनी, काय म्हणालात त्या आजाराचं नाव? यांना फोनवर सांगावं लागंल. इचारतील, क्यान कशापायी.

शरणम्मा : मला इचार की. फायब्रो-माय... पुढचं मला येत न्हाई. मधी माय हाय, तेवढं ध्यानात ऱ्हातंय.

शिवगंगा : तेवढंच बास हाय आत्या. उठते मी, वन्संना चहा टाकते.

महानंदा : थांबा वैनी. आज दुखायलंय का?

शिवगंगा : हाव वन्सं. दुखायलंय.

महानंदा : कुठं... न्हाई, ऱ्हाऊ दे. बसा तुम्ही. चहा मी टाकते.