घर पाहिले, योग्य आहे

आजच्या निरोप-समारंभाचे आणि आपल्या प्राणी-निवाऱ्याचेही अध्यक्ष, ज्यांना आपण सगळे आदरानं दादा म्हणतो, व्यासपीठावर बसलेले आपले डॉक्टर, ज्यांच्या इंजेक्शनच्या धाकानं इथली अर्धी कुत्री आणि निम्मे कर्मचारी सरळ वागतात, चिटणीससाहेब, समोर बसलेले देणगीदार, इथून प्राणी घरी नेलेली कुटुंबं, निवाऱ्यातले माझे सोबती, आणि दुसऱ्या रांगेत कडेला बसलेली माझी पत्नी, जिनं 'पाच मिनिटांत आटपा' असं घरातून निघतानाच बजावलंय. सर्वांना माझा नमस्कार.

अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी मी आंघोळ केली, रोजच्यासारखा देवापुढे बसलो, इस्त्रीचा सदरा घालून कार्यालयात आलो आणि एका छापील कागदावर लिहिलं, 'घर पाहिले. योग्य आहे.' खाली सही केली, तारीख टाकली. ते घर मी पाहिलेलं नव्हतं.

चिटणीससाहेबांनी आत्ता माझी ओळख 'हजार घरं पाहिलेला माणूस' अशी करून दिली. आपण टाळ्या वाजवल्यात. टाळ्या वाजत असताना मध्येच उठून 'थांबा' म्हणायचं धैर्य मला झालं नाही. म्हणून आता सांगतो. माझ्यासमोर ठेवलेलं हे सन्मानचिन्ह ज्या कामासाठी आहे, ते काम मी एकदा केलं नाही. आणि जेव्हा केलं नाही, तेव्हाच ते करायला हवं होतं.

नव्या मंडळींसाठी थोडं मागे जातो. हा निवारा ज्या बाईंनी सुरू केला, त्या पेशानं परिचारिका होत्या. आज त्या नाहीत. प्राणी कुणाच्या घरी दिला की त्या 'पाठवणी केली' म्हणायच्या. आणि पाठवणीआधी घर पाहायचं, हा त्यांचा दंडक. कुंपण आहे का, जिना किती उंच आहे, घरात कोण किती तास असतं, हे सगळं विचारायचंच. पण त्यांचा खरा नियम वेगळा होता. मला कामावर घेतलं त्या दिवशी म्हणाल्या, "हे बघ, प्रत्येक घरात एक माणूस असतं ज्याला कुत्रा नको असतो. ते दिवाणखान्यात बसलेलं नसतं. त्याला शोधायचं आणि त्याच्याशी बोलल्याशिवाय उठायचं नाही. हौस असलेल्यांचं काय ऐकायचं? त्यांची हौस आठ दिवसांची. नको असलेला माणूस त्या कुत्र्याबरोबर दहा वर्षं राहणार असतो."

मी गावच्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकलो. माझ्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट शिरते, पण शिरली की राहते. सोळा वर्षं मी तो माणूस शोधत फिरलो. कधी तो स्वयंपाकघरात सापडायचा, कधी अभ्यासाच्या टेबलाशी. एका घरात आजोबा सापडले. म्हणाले, "कुत्र्याला फिरवायला ही मंडळी रोज जाणार म्हणे. मला विचारा! चार महिने झाले, मलाच कुणी कोपऱ्यापर्यंत नेलेलं नाही." त्या घरी मी कुत्रा दिला नाही. आजोबांना मात्र कोपऱ्यापर्यंत नेऊन आणलं.

हसलात, बरं वाटलं. पुढे हसण्यासारखं फार नाही.

दीड वर्षापूर्वी एक शिंपीकाका निवाऱ्यात आले. नजर अधू झालेली, हात कापायचे, दुकान बंद केलेलं. वृद्धाश्रमात जागा मिळाली होती, पण तिथं जनावर चालत नव्हतं. सोबत दहा वर्षांची, पांढऱ्या मिशांची कुत्री. नाव गुंडी. आयुष्यभर दुकानात, शिलाईयंत्राच्या पायट्याशेजारी, चिंध्यांच्या ढिगावर झोपलेली. दिवसभर माणसांचं येणं-जाणं. एकटी अशी ती कधी राहिलीच नव्हती. काकांनी माझा हात धरला. म्हणाले, "तिला जेवण कसलंही चालतं साहेब. पण माणूस लागतं. घर तुम्ही स्वतः बघाल ना?"

मी म्हणालो, "स्वतः बघेन."

म्हातारं कुत्रं कुणी नेत नाही, हे आपल्याला माहीत आहे. लोक येतात, पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी रेंगाळतात आणि गुंडीसारखीला लांबूनच 'बिच्चारी' म्हणून जातात. सात महिने ती आपल्याकडेच होती. ऑफिसात माझ्या खुर्चीखाली झोपायची. मग आपला वर्धापनदिन आला. हजारावी पाठवणी त्याच दिवशी व्हावी असं ठरलं, आणि ती दादांच्याच घरी व्हावी, म्हणजे समाजापुढे आदर्श राहील. हेतू चांगला होता. चांगल्या हेतूला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही, तिथंच घोटाळा होतो.

त्या सकाळी मी चिटणीससाहेबांना म्हणालो, "आधी दादांचं घर पाहून येतो."

ते म्हणाले, "अहो, काय बोलताय? अध्यक्षांचं घर पाहणार तुम्ही? दोन मजले, पुढे बाग, मागे बाग. आपल्या दोघांची घरं त्यांच्या व्हरांड्यात मावतील!"

"नियम आहे."

"नियम परक्यांना. उगाच नाकापेक्षा मोती जड करू नका. फोटोवाला अकराला येतोय. लिहा आणि मोकळे व्हा."

लिहिलं आणि मोकळा झालो. त्याच कागदावर घरातल्या दुसऱ्या प्रौढ व्यक्तीच्या सहीसाठी जागा असते. ती कोरी होती. चिटणीससाहेबांनी तिथं 'लागू नाही' असं लिहिलं. मी पाहिलं आणि पान उलटलं. अकरा वाजता फोटो निघाला. तो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे. आपल्या प्रत्येकाच्या हातात आत्ता तो आहे.

महिन्याभरानं दुसरी भेट द्यायची असते. मी फोन केला, दादा बाहेरगावी होते. पुन्हा केला, पाहुणे होते. तिसऱ्यांदा मी केलाच नाही. खरं कारण सांगू? पायऱ्या चढून त्या दाराची घंटा वाजवायची मला लाज वाटत होती. आणि दर रविवारी वृद्धाश्रमातून शिंपीकाकांचा फोन यायचा. "गुंडी कशी आहे?" मी म्हणायचो, "मजेत आहे काका. मोठी बाग आहे." आमचे गुरुजी म्हणायचे, देवासमोर बसणाऱ्याला खोटं बोलता येत नाही. येतं. देव निमूट ऐकून घेतो. मी सात-आठ महिने रोज सकाळी त्याच्यासमोर बसत होतो आणि रविवारी खोटं बोलत होतो.

मग एका रविवारी काकांनी सहज विचारलं, "परवा गेला होतात तेव्हा मिशा आणखी पांढऱ्या झाल्यात का हो?" मी 'हो' म्हणालो. फोन ठेवला, चपला घातल्या आणि दादांच्या घरी गेलो.

दादा नव्हते. दार वहिनींनी उघडलं. गुंडी कुठंय म्हटल्यावर त्यांनी वर बोट दाखवलं. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. लांब दोरी, स्टीलचं भांडं, जाड गादी. माळी दोन वेळा जेवण ठेवून जायचा. कुणी तिला मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. फक्त तिथं कुणी नव्हतं. चाटून चाटून तिनं पुढचा एक पंजा सोलून काढला होता. मला पाहून उठली, शेपटी दोनदा हलवली आणि पुन्हा खाली बसून तोच पंजा चाटायला लागली.

खाली आलो तेव्हा वहिनींनी पाणी ठेवलं होतं. म्हणाल्या, "मला लहानपणी कुत्रा चावलाय. गालावर अजून टाक्यांच्या खुणा आहेत, बघा. मी कुत्र्याच्या जवळ जाऊ शकत नाही. ती आल्यापासून मी माझ्याच गच्चीवर पाऊल टाकलेलं नाही. कपडे माळी वाळत घालतो."

मी म्हणालो, "तुम्ही बोलला नाहीत?"

"कुणाशी? फोटोच्या दिवशी मी आतल्या खोलीत होते. पण एक विचारू का? तुमचा कागद मी वाचलाय. 'घर पाहिले' असं लिहिलंय. पाहिलं होतंत, तर मी कशी दिसले नाही तुम्हाला?"

घरात ज्याला कुत्रा नको असतो, तो माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि आठ महिने उशीर झाला होता.  

पुढच्याच बैठकीत मी विषय काढला. आपल्या बाराव्या अटीनुसार घरातली कुणीही प्रौढ व्यक्ती प्राणी कधीही, कारण न देता परत करू शकते, आणि आपण तो सन्मानानं घ्यायचा असतो. दादा म्हणाले, "तिला काय कमी आहे तिथं? गादी आहे, सावली आहे." चिटणीससाहेब म्हणाले, "अध्यक्षांच्याच घरून कुत्री परत आली, तर देणगीदारांनी काय समजायचं? अहवाल छापायला गेलाय." एकानं सुचवलं, गच्चीवर खेळणी ठेवू. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. त्या बैठकीला माझी घरपाहणीची वही टेबलावर होती. कुणी ती उघडली नाही. मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि कारण लिहिलं, 'वैयक्तिक'. म्हणजे जाता जाताही कागदावर खोटंच लिहिलं. सवय लागली की सुटत नाही. पण गुंडीला गच्चीवर सोडून मी एकटाच कसा बाहेर पडणार होतो?

त्या रविवारी काकांना सगळं सांगितलं.   ते म्हणाले, "माप न घेता कापड बेतलंत साहेब. बेतलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही. पण निदान अंगावरून काढून तरी घ्या."

मी घरी विषय काढला. आमच्या घरातही नको म्हणणारं माणूस आहे, आणि ते तिथं दुसऱ्या रांगेत बसलंय. स्वतःचं घर स्वतःच पाहून चालत नाही, म्हणून मी डॉक्टरांना विनंती केली. ते सुट्टीच्या दिवशी कागद घेऊन आले. ते काही विचारायच्या आधी हिनंच सूत्रं हातात घेतली.

"आजवर जगाला प्रश्न विचारत फिरलात, आता बसा समोर. सहाला फिरायला कोण नेणार?"

"मी."

"सहाला तुम्ही जपाला बसता."

"चालता चालता करीन."

"देव काय म्हणेल?"

"इतकी वर्षं बसून केला, त्यातून काय निपजलं ते त्यानं पाहिलंय."

डॉक्टर म्हणाले, "ताई, मनातून नको असेल तर आत्ता 'अयोग्य' लिहितो. ह्यांच्या पश्चात्तापाचं ओझं तुम्ही वाहायचं कारण नाही."

ही म्हणाली, "नकोच आहे. घरभर केस होणार, माझं माहेरी जाणं अडणार. ह्यांचा उत्साह तर मला ठाऊकच आहे, व्यायामाची सायकल अजून माळ्यावर पडलीय."

डॉक्टरांनी कागद न भरता त्याची घडी घातली आणि ते निघाले. मी त्यांना अडवलं नाही. आठवड्यानं ते पुन्हा आले. तेव्हा हिच्या तीन अटी तयार होत्या. अंथरुणावर येणार नाही. मी माहेरी गेले की ह्यांनी कुठंही जायचं नाही. आणि आम्ही दोघी एकाच वेळी आजारी पडलो, तर आधी मला बघायचं. डॉक्टरांनी तिन्ही अटी जशाच्या तशा कागदावर उतरवल्या आणि दुसऱ्या सहीच्या जागी हिची सही घेतली. सही करताना ही म्हणाली, "आवडेल असं नाही म्हणत मी. नीट वागेन, एवढं म्हणतेय." इतकं खरं वाक्य मी कुठल्याच घरी ऐकलं नाही.

वहिनींना मी परवा विचारलं, सभागृहात हे बोललो तर चालेल का? त्या म्हणाल्या, "बोला. मीच बोलले असते, पण मला माइक कोण देणार?"

दादा, तुमचा अपमान करावा असा माझा हेतू नाही. तुमच्या घरात काही वाईट घडलं असेल, तर त्याला परवानगी माझ्या सहीनं मिळाली होती. तुम्ही वर जाऊन पाहिलं नाहीत, आणि मी तर पाहण्याच्याच कामावर होतो. पण उद्यापासून माझ्या खुर्चीवर जे कुणी बसेल, त्याला या व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं घर आधी पाहू द्या. आणि कुणी दाखवायला कचरलं, तर त्याला प्राणी देऊ नका.

पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली. दुसऱ्या रांगेतून खुणा होतायत, त्या मला दिसतायत. आपण सगळ्यांनी सोळा वर्षं मला सांभाळून घेतलंत, आपल्या घरांची दारं उघडलीत, चहा पाजलात, नको ते प्रश्न विचारू दिलेत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, मानापानात कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. त्या एका सहीला मात्र क्षमा करू नका, कारण ती बोलण्याच्या ओघात झालेली नव्हती. हे सन्मानचिन्ह मी इथंच ठेवून जातो आहे.

शेवटी एवढंच सांगायचं आहे. आज सकाळी साडेसातला, दादा इकडच्या तयारीसाठी निघाल्यावर, मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी परतीच्या कागदावर सही केली. मग भीत भीत माझ्यामागून जिना चढून त्या आल्या, गच्चीचं दार त्यांनीच उघडलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी दोरी सोडली आणि गुंडीला घरी घेऊन आलो.