खाऱ्यात उरलेल्या सतरा लोंब्या

(कुलाबा जिल्ह्यातला खारेपाट, १९५८ सालचा उन्हाळा. ओटीवर बियाण्याची कणगी उघडलेली. भाताच्या सरकारी केंद्रातून आलेले माधवराव पिशवीचं तोंड धरून उभे. आवडाबाईचा हात कणगीत, आणि तिथेच थांबलेला. धाकटा दीर कोंडाजी दाराशी घुटमळतोय.)

माधव : का थांबलात, आवडाबाई? दोन पायली बियाणं पुरे मला.

आवडाबाई : थांबा सायेब. कणगी अर्धी हुती. आज काठोकाठ कशी?

कोंडाजी : बरकत हाय घरात, वयनी.

आवडाबाई : भावजी, कणगीत भात पिकत न्हाय. काय घातलंत?

कोंडाजी : आपलंच की! वरच्या गोड्या शेतातलं. शिमग्यापास्नं घातलंय. वाण एकच, दिसायला एकच. म्हटलं, तुमच्या भाताशेजारी दोन म्हयने ऱ्हायलं, तर त्यालाबी खाऱ्याची सवय लागंल. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण न्हाय पन गुन लागला.

आवडाबाई : ते बैलांचं. भाताचं न्हाय.

माधव : भाताला संगतीने सवय लागत नाही, कोंडाजी.

कोंडाजी : मंग वयनीच्या भाताला कशी लागली? धा वर्सांमागं उधाणात बांध फुटला, दर्या शेतात आला, भात पिवळं पडून मेलं. आन् आज त्याच मातीत कमरेएवढं उभं ऱ्हातंय. सरावल्याबिगार?

आवडाबाई : सरावलं न्हाय. मेलं. तुमी मेलेलं बघून घरी आलात, मी उरलेलं बघत बसले. आख्ख्या खाचरात सतरा लोंब्या हुत्या.

माधव : तेच सांगतोय मी. दिसायला सगळी रोपं सारखी, पण आतून एकासारखं दुसरं नसतं. त्या सतरांच्या अंगात खारं सोसायची ताकद आधीपासूनच होती. गोड्या पाण्यात तिची गरजच पडली नाही, म्हणून कुणाला कळली नाही. खारं आलं तशी बाकीची मेली, आणि पुढच्या साली पेरायला यांचीच पोरं उरली. पृथ्वीवरचे सगळे जीव असेच बदलत आलेत. फार हळू, लाखो वर्षांत. आम्ही हे कॉलेजात पुस्तकातून शिकलो.

आवडाबाई : मी चिखलात शिकले. पयल्या साली भावजी म्हनाले, सतरा लोंब्यांत चिमणीची न्ह्यारी व्हनार न्हाय.

कोंडाजी : सगळा गाव हसत हुता, वयनी.

आवडाबाई : गाव हसून घरी गेला. तुमी म्हनालात, जमीन मिठागराला देऊन टाका. मी दर साली कापणीच्या आदी गुडघाभर चिखलात फिरून लोंब्या खुडल्या. एकदा खळ्यात गेलं की समदं एक व्हतं. धा वर्सं, सायेब.

माधव : थोडं तरी वेगळं ठेवलं असेल ना?

आवडाबाई : न्हाय. बाकीचं खाल्लं. बियाणं म्हून हुतं ते ह्येच.

कोंडाजी : मंग न्या की तसंच, सायेब! दाना दान्यासारखा हाय. कोन वळखनार?

माधव : ओळखणार कुणी नाही, खरंय. आणि रिकाम्या हाताने गेलो तर आमचे वरिष्ठ मलाच म्हणतील, तुझ्यासारख्या नागावच्या नारळवाल्याला भातातलं काय कळणार! आवडाबाई, मी कागदसुद्धा लिहून आणलाय.

आवडाबाई : वाचा बरं.

माधव : "खारं सोसणारं भात. दहा वर्षं निवडून तयार करणाऱ्या, आवडाबाई."

आवडाबाई : अजून एकदा वाचा.

माधव : "दहा वर्षं निवडून तयार करणाऱ्या, आवडाबाई."

आवडाबाई : झ्याक हाय. ठेवा खिशात. भेसळीवर माझं नाव लावायचं न्हाय. सातबाऱ्यावर माझं नाव न्हाय, दारावर न्हाय. पयल्यांदा कुठं लिवायचं तर खऱ्यावर लिवलं जाईल.

माधव : मग पुन्हा दहा वर्षं?

आवडाबाई : कशाला? माझंबी हाय की हितंच. समदं खालच्या खाचरात दाट पेरायचं. गोड्यातलं मरंल, माझं उरंल. आदी खारं पानी निवडंल, मागनं मी. दिवाळीला या.

माधव : एका हंगामात पुरतं निवळणार नाही हो.

आवडाबाई : मंग तीन दिवाळ्या या. मला घाई न्हाय. माज हाय म्हना हवं तर, पन हे भात माझं हाय आन् मला त्याचा माज हाय.

माधव : असायलाच हवा. मी येतो, तीनही दिवाळ्या.

कोंडाजी : वयनी...

आवडाबाई : बोला.

कोंडाजी : औंदा चिखलात मी उतरतो. लोंबी कंची खुडायची, तेवढं बांधावरनं सांगा.