स्कूटर आणायला गेलेला माणूस

माझं माहेर कराडच्या बाजूचं. लग्न करून इकडं कोपरखैरण्याला आले तेव्हा नुसता चिखल आणि बांधकामाच्या सळया. आमचे मालक, म्हणजे नवरा माझा, पावणे गावातल्या रबराच्या कारखान्यात कामाला, सायकलनं जायचे, आणि मी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायची, अजून करते. त्यांचा एक पाय दुखायचा, घरी आले की शेकायला लागायचा. हे का सांगते, तर पुढचं सगळं त्या पायापायी झालं.

एकदा दुपारचं, शिफ्ट सुटून ते घरात, आणि दारात एक पोरगी, गळ्यात फोटोचं कार्ड, मागं टायवाला साहेब. धुण्याची पावडर घ्या काकू, सोबत कूपन हाय, घासून बघा. घेतली, घासलं, तर पोरगी ओरडलीच, अभिनंदन काकू, स्कूटर लागली! माझा हात धरून नाचली हो, काय सांगू तुमाला, पोटची लेक नाचावी तशी. साहेब म्हणला, गाडी कळंबोलीला ट्रकनं येईल, पण टॅक्स आधी भरा, नायतर नंबर दुसऱ्याला जातो. मालक म्हणले, राहू द्या मग, कुठनं आणायचे एवढे. मला त्यांचा सायकलवरचा दुखरा पाय दिसला, मीच आत गेले आणि लग्नात आईनं घातलेल्या पाटल्या आणून दिल्या. पाटल्या बघून ती पोरगी मागं सरली. पाणी मागितलं, प्याली, भांडं ठेवताना माझ्याकडं बघितलं न्हाई.

सांगितलेल्या दिवशी मालक इस्त्रीचा शर्ट घालून, झेंडूचा हार आणि नारळ घेऊन कळंबोलीला गेले. ट्रकांच्या त्या मैदानात सकाळपासून उन्हात उभे, येईल त्या ट्रककडं बघत. शेवटी एका सरदारजी ड्रायव्हरनं बसवलं, चहा पाजला, म्हणला, चाचा, घर जाओ, पिछले हफ्ते भी एक आया था, ऐसाच हार लेके. घरी येऊन मला एवढंच म्हणले, ट्रक आला न्हाई. पोलिसात गेलो तर हवालदार म्हणला, बाई, स्वतःच्या हातानं दिलंय तुमी, काय लिहू?

त्यानंतर माणूस बिघडलंच. सुट्टी आली की कळंबोली. मी म्हणायची, अहो सोडा, पाटल्या गेल्या तर गेल्या. ते म्हणायचे, पाटल्यांसाठी न्हाई जात. मग कशासाठी, ते सांगायचे न्हाईत. जेवताना मधेच हात थांबायचा, कान दाराकडं. आणि मला, मशीनवर बसलं की तिचं ते अभिनंदन काकू ऐकू यायचं, अगदी पाठीशी उभं राहून म्हणल्यासारखं. वळून बघायची मी, खरंच बघायची.

एकदा लवकर परत आले, भिंतीला टेकून बसले. म्हणले, ती भेटली. कळंबोलीतल्याच लोखंड बाजारात, चहाच्या टपरीवर कप विसळत होती. साहेब तिला तिथंच टाकून पळाला, पगारपण दिला न्हाई, आणि घरचे दारात उभं करत न्हाईत, कारण पहिलं कूपन तिनं स्वतःच्या आईलाच घासायला दिलेलं, तिचेपण पैसे बुडाले. सुरवातीला तिलापण खरंच वाटायचं, स्कूटर येणार म्हणून. मी म्हणलं, तुमी काय बोलला तिला? म्हणले, तीच पाया पडली, आणि विचारलं, काकू बऱ्या हायत का.

त्या दिवसापासनं त्यांचं जाणं थांबलं. मग मी गेले, एकटीच, त्या टपरीवर. टपरीवाला म्हणला, गेली, कुठं ते ठाऊक न्हाई.

आता कारखाना बंद झाला, मालक घरीच असतात. दिवा लावला की मी सगळ्यांसाठी मागते, तुमच्यासाठीपण मागेन. तिचं नाव ठाऊक न्हाई. तिचंही बरं असू दे, असं म्हणायला तोंड उघडते, पण अजून एकदाही म्हणवलं न्हाई. मालक मात्र तिच्यासाठी हळूच मागतात, माझ्या कानानं ऐकलंय मी. मी मधे बोलत न्हाई.